माडीच्या तुळयांचा रंग

घरात पाहुणा आला की तो ओसरी बघतो, भिंती बघतो, फरशी बघतो. मान वर करून छत बघणारा पाहुणा विरळा. पण घरातल्या माणसाचे तसे नाही. रात्री अंथरुणावर पाठ टेकली की त्याला आधी तुळयाच दिसतात. लहानपणी ताप आला असताना पडल्या पडल्या त्या मोजल्या नाहीत, असा माणूस जुन्या घरात सापडायचा नाही.

या तुळया साफ कशा कराव्या, त्यांना रंग कसा द्यावा, तेल लावावे की पॉलिश, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत. हे काम आम्ही मागच्या थंडीत एका घरी केले. त्यात आमच्या हातून एक चूकही झाली. तीही सांगू.

घर देशावरचे, जुने. खाली सोपा आणि स्वयंपाकघर, वर चार खणांची माडी. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, हे तुम्हाला माहीत आहेच. चार खण म्हणजे मध्ये तीन तुळया. तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्यांची तक्तपोशी. लाकूड सगळे सागाचे. पणजोबांनी हौसेने तुळयांच्या खालच्या कडेला वेल कोरून घेतली होती आणि मधोमध एकेक कमळ. पण खालच्या चुलीच्या धुराने सगळे इतके काळे झाले होते, की ते कमळ आहे की मधमाश्यांचे पोळे, हे ओळखू येत नव्हते.

माडीवर पूर्वी कांदे आणि बियाणे ठेवत. आता घरधन्यांच्या मनात वेगळेच होते. त्यांची मुलगी बारावीला गेली होती. ते स्वतः चाळिशी ओलांडल्यावर लिहायला-वाचायला शिकलेले. ते आम्हाला म्हणाले, "खाली दिवसभर टीव्ही, पोरांचा दंगा. पोरीला बसायला जागा न्हाई. माडी तिला अभ्यासाला देऊन टाकू. कोपऱ्यात मला बी पेपर वाचायला बसता येईल."

तालुक्याहून त्यांनी गडद चॉकलेटी ऑइलपेंटचा डबासुद्धा आणून ठेवला होता. "दोन दिवसांचं काम. पोरं लावून टाकतील," ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांची आई जिना चढून वर आली. म्हातारी कमरेत वाकलेली, पण नजर तीक्ष्ण. ती म्हणाली, "रंग द्या बाबांनो, पण आधी मला एक सांगा. या मधल्या तुळईखालनं मी रोज पीठ झाडते. वर दळण न्हाई, कांडण न्हाई. मग पीठ येतं कुठनं?"

आम्ही डबा बाजूला ठेवला आणि शिडी मागवली.

पीठ येते ते लाकूड पोखरणाऱ्या किड्याचे. हा किडा लाकडात अंडी घालतो. अळी आतल्या आत लाकूड खात फिरते. मोठी झाली की टाचणीच्या डोक्याएवढे भोक पाडून बाहेर उडून जाते. त्या भोकातून भुगा सांडतो. वाळवीची रीत निराळी. तिला उजेड सोसत नाही. ती मातीची बारीक नळी बांधते आणि त्या नळीतून भिंतीवर चढून लाकडापर्यंत जाते. म्हणून भिंतीवर मातीची वेडीवाकडी रेघ दिसली तर ती नुसती झाडून टाकू नका. ती कुठून निघाली आणि कुठे गेली, हे आधी बघा.

सागाच्या गाभ्याला किडा आणि वाळवी सहसा लागत नाहीत. झाडाच्या अंगातच एक तेलकट, कडवट द्रव्य असते. पण सालीलगतचे फिकट लाकूड, ज्यातून जिवंतपणी रस चढतो, ते सागाचे असले तरी किड्याला चालते. जुन्या सुतारांनी कधी काटकसरीने हे फिकट लाकूड तुळईला तसेच ठेवलेले असते. आंब्याच्या लाकडाचे तर विचारूच नका. ते किड्यांचे आवडते जेवण.

तपासणी कशी करायची? हातोडीच्या दांड्याने तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत जा. चांगले लाकूड खणखणीत बोलते. पोकळ झालेले लाकूड बद्द बोलते, ओल्या मडक्यासारखे. बद्द आवाज आला तिथे दाभण टोचून बघा. दाभण अडले तर बरे. लोण्यात गेल्यासारखे आत गेले, तर लाकूड कुजले. भेगाही बघायच्या. तुळईच्या लांबीबरोबर जाणाऱ्या भेगा लाकूड वाळताना पडतात. त्या बहुधा जुन्या असतात आणि त्यांना फारसे भिण्याचे कारण नसते. पण तुळईला आडवी भेग गेली असेल, किंवा तुळई मध्ये झोल खाऊन खाली आली असेल, तर मात्र रंगाची गोष्ट सोडा आणि सुताराला बोलवा.

सर्वांत जास्त लक्ष द्यायचे ते टोकांकडे. तुळईचे टोक भिंतीत गाडलेले असते. भिंत ओल धरते. टोकाला वारा लागत नाही. म्हणून तुळई कुजायची असली तर बहुधा टोकापासून कुजते. मधोमध ती ठणठणीत दिसते, आणि माणूस फसतो.

आमच्या मधल्या तुळईचे तेच झाले होते. पीठ सांडत होते मध्ये, पण तिथले किड्याचे काम वरवरचे होते. फिकट लाकडाची बोटभर पट्टी खाल्ली होती, गाभा शाबूत होता. मग आम्ही सहज म्हणून टोके तपासली. मागच्या भिंतीतल्या टोकाला दाभण मुठीपर्यंत आत गेले. घरधनी शिडीखाली उभे होते. त्यांनी ते पाहिले आणि काही न बोलता खाली बसले. या तुळईखाली त्यांच्या मुलीचे टेबल यायचे होते.

समजा, आम्ही दुसऱ्या दिवशी तो चॉकलेटी रंग लावला असता. भोके बुजली असती. टोकाचा काळा डाग झाकला असता. पीठही काही दिवस थांबले असते. माडी नवी दिसली असती. आणि आत कूज चालूच राहिली असती.

म्हणून आमचे मत असे झाले आहे, की छताच्या तुळईला असा रंग द्यावा, ज्यातून लाकूड दिसत राहील. जाड ऑइलपेंट लाकडावर कातडीसारखा बसतो. त्याखाली काय चालले आहे, ते कळत नाही. डांबराचेही तेच. दारे, खिडक्या, गज यांना ऑइलपेंट खुशाल लावा. ज्याच्याखाली माणसे झोपतात, बसतात, ते लाकूड उघडे दिसलेले बरे. गावात काही जण ट्रॅक्टरचे जळके ऑइल तुळयांना फासतात. वाळवी येत नाही म्हणतात. ते घरात मुळीच लावू नये. ते अंगाला लागणे वाईट, त्याचा वास महिनोन् महिने जात नाही, आणि ते सहज पेट घेते.

दुसऱ्या दिवशी सुतारमामा आले. त्यांनी आधी विचारले, "ओल कुठनं येतीया, ती बघितली का?" आम्ही बघितली नव्हती. ते थेट छपरावर चढले. मागच्या बाजूची पन्हळ फुटलेली होती. पावसाचे पाणी तिथून नेमके त्याच जागी भिंतीत मुरत होते. आधी पन्हळ बदलली. मग तुळईखाली दोन भक्कम टेकू लावले. मग तुळईच्या दोन्ही अंगांना सागाच्या नव्या जाड फळ्या लावून बोल्टने आवळल्या. फळ्यांची टोके भिंतीत दगडावर टेकवली. भार आता फळ्यांनी घेतला. हे काम सुताराचेच. तुम्ही-आम्ही हौसेने करायचे नाही. टेकू कुठे द्यावा, हे चुकले तर छप्पर अंगावर येते.

मामांच्या कामाला तीन दिवस गेले. त्यानंतर आमचे काम सुरू झाले.

पहिली गोष्ट उभे राहण्याची. हात वर करून तासन् तास काम करायचे असते. मान दुखते, चक्कर येते. पिंपावर स्टूल ठेवून त्यावर उभे राहणारे शूर लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांतले एक अजून लंगडतात. दोन घोड्या घ्या, त्यांवर जाड फळी बांधा, आणि फळीवर उभे राहा. डोक्याला फडके, नाकातोंडाला फडके आणि डोळ्यांना चष्मा हवाच. छताचे काम करताना पडते ते सगळे डोळ्यांतच पडते.

आधी जळमटे आणि काजळी कोरड्या कुंच्याने झाडली. मग कोमट पाण्यात थोडा साबण घालून, कापड बुडवून, घट्ट पिळून त्याने तुळई पुसली. कापड पिळलेले हवे. लाकडाला आंघोळ घालायची नाही. कोणी कडक सोड्याचे पाणी वापरतात. त्याने काजळी लवकर निघते खरी, पण सागाचा रंग काळवंडतो. कोरीव वेलीतली घाण जुन्या दात घासायच्या ब्रशने काढली. हे काम मुलीने केले. दुपारपर्यंत पहिले कमळ उघडे झाले. त्याला सोळा पाकळ्या होत्या. आजी म्हणाली, "लग्न होऊन आले तवा शेवटचं बघितलं हुतं हे."

एका कमळावर कुणीतरी पूर्वी निळा ऑइलपेंट चढवला होता. तो काढताना आम्ही जपलो. जुन्या रंगांत शिसे असू शकते. शिशाची धूळ पोटात किंवा छातीत गेली तर विषारी. लहान मुलांच्या मेंदूची वाढ तिने खुंटते. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घराच्या रंगात दहा लाख भागांमागे ९० भागांपेक्षा जास्त शिसे असू नये असा नियम लागू झाला. त्याआधीच्या रंगाचे काय सांगावे? म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. पाण्याने ओला करून खरवडावा. खाली जुने कागद पसरावे आणि सगळा खरवडा त्या कागदात गुंडाळून फेकावा. पोरांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी माडीवर येऊ देऊ नये. रंग घट्ट बसलेला असेल आणि डोळ्यांना खुपत नसेल, तर तसाच ठेवलेला उत्तम.

लाकूड दोन दिवस वाळू दिले. मग पॉलिश पेपरने घासले. आधी ८० नंबरचा कागद, मग १२० चा, शेवटी १८० चा. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. घासायचे ते रेषांच्या दिशेने. आडवे घासले तर ओरखडे उठतात. तेव्हा ते दिसत नाहीत, पण रंग लावला की मांजराच्या नखांसारखे दिसू लागतात. कोरीव वेलीवर कागद फार चालवू नये, नाहीतर पाकळ्यांच्या कडा बोथट होतात.

किड्यासाठी टाकणखाराचे पाणी लावले. दहा लिटर गरम पाण्यात ६०० ग्रॅम टाकणखार आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवले, आणि उघड्या लाकडाला ब्रशने दोनदा पाजले. "पाजले" असेच म्हणायला हवे, कारण लाकूड ते पिते. हे पाणी पॉलिशच्या आधीच लावायचे. पॉलिश बसल्यावर ते आत शिरत नाही. हातात रबरी मोजे घालावे आणि उरलेले पाणी पोरांच्या हाती लागू देऊ नये. वाळल्यावर वर पांढरी भुकटी दिसली तर ती ओल्या फडक्याने पुसावी, आणि लाकूड पुन्हा नीट वाळू द्यावे.

बारीक भोके लांबीने भरली. लांबीत त्याच सागाचा बारीक भुसा कालवला म्हणजे रंग जुळतो. लांब भेगा मात्र भरल्या नाहीत. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भेग त्याबरोबर उघडते, मिटते. त्यात भरलेली लांबी दोन वर्षांत तडकून खाली पडते. तीसुद्धा मुलीच्या वहीवर.

आता रंग. ऑइलपेंट लाकडाच्या वर बसतो. आपल्याला हवा तो लाकडात मुरणारा रंग. दुकानात त्याला स्टेन म्हणतात. तयार डबाही मिळतो. आम्ही घरीच केला. उकळवलेले जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे घेतले. त्यात कावेची बारीक पूड आणि चिमूटभर काजळ घातली. काव म्हणजे तीच, जिने आपण कुंडीला, तुळशीवृंदावनाला तांबडा रंग देतो. काव लाकडाला उबदार तांबूसपणा देते, काजळ त्याला थोडे खाली उतरवते. हे मिश्रण सारखे ढवळत राहावे लागते, कारण पूड तळाशी बसते.

हा रंग कशासाठी? कारण जुन्या तुळया काळपट तपकिरी होत्या आणि सुतारमामांच्या नव्या फळ्या पिवळ्या. शेजारी शेजारी ते विजोड दिसत होते. रंगाचे काम त्या दोघांना जुळवण्याचे. नवे लाकूड नव्हतेच, तर आम्ही रंग लावलाच नसता, नुसते तेल दिले असते.

लाकडा-लाकडाचा स्वभाव वेगळा असतो. म्हणून रंग आधी तुकड्यावर लावून बघावा. मामांच्या उरलेल्या फळीचे चार तुकडे घेतले, चार प्रकारे रंगवले आणि छताशी धरून बघितले. एकदा दिवसा, एकदा रात्री दिव्यात. जो तुकडा उन्हात आम्हाला छान वाटला, तो दिव्यात काळा ठिक्कर दिसला. फणसाचे लाकूड नवे असताना हळदीसारखे पिवळे असते आणि उजेडाने आपोआप तपकिरी होते. त्याला रंग देण्याची घाई करू नये. बाभळीची गंमत निराळी. तिच्यात तुरट द्रव्य फार असते. त्याला लोखंड भेटले की ते काळे पडते. ओल्या लाकडातल्या खिळ्याभोवती काळे कडे दिसते ते यामुळेच. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपले लोक पूर्वी याच गुणावर करत. हिराकसाचे पातळ पाणी बाभळीला लावले तर लाकूड शाईसारखे काळे-करडे होते, रंगाच्या डब्याशिवाय.

आमच्या माडीचे छत जेमतेम साडेसात फूट. अशा ठिकाणी गडद रंग दिला तर छत डोक्यावर आल्यासारखे वाटते आणि खोलीतला उजेड तुळया पिऊन टाकतात. अभ्यासाच्या खोलीत उजेड आधी, शोभा मागून. म्हणून आम्ही चारांतला सर्वांत फिकट तुकडा निवडला, आणि तक्तपोशीला पांढरा रंग दिला. पांढऱ्यावर तुळया उठून दिसल्या आणि खिडकीचा उजेड टेबलापर्यंत पोचला.

स्टेन ब्रशने लावला तर कोपरापर्यंत ओघळतो. आम्ही सुती फडके त्यात बुडवून पिळून घेतले आणि पुसल्यासारखा रंग लावला. दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादा रंग पुसून काढला. एक तुळई सुरू केली की शेवटपर्यंत न्यायची. मध्ये चहाला थांबलात तर तिथे पट्टा उमटतो. आमच्या पहिल्या तुळईवर असा पट्टा आहे. चहा चांगला होता.

रंगावर शेवटचा हात कशाचा द्यायचा? तेल, लाखेचे पॉलिश, की व्हार्निश? व्हार्निश चकचकीत दिसते, पण दिव्याचा झोत त्यातून परत डोळ्यांत येतो. वाचणाऱ्याला ते नको. लाखेचे पॉलिश सुंदर. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर राहतो आणि अंगातून राळेसारखे द्रव्य सोडतो. आपल्याकडे गोंदिया, गडचिरोलीकडच्या रानांतून लाख मिळते. तिचे पातळ कवच म्हणजे चपडा. तो एक लिटर स्पिरिटमध्ये सव्वाशे ते दीडशे ग्रॅम रात्रभर भिजवायचा. भांडे काचेचे किंवा प्लास्टिकचे घ्यावे, लोखंडाच्या भांड्यात तो काळवंडतो. मग कापसाचा गोळा सुती कापडात बांधून त्याने पातळ पातळ हात द्यायचे. गरम चहाच्या कपाने या पॉलिशवर डाग पडतो, पण छताला कोण कप ठेवणार? पावसाळी हवेत मात्र ते पांढरट पडते, म्हणून ते थंडीत किंवा उन्हाळ्यात करावे. चूल, विडी, दिवा जवळ असेल तर स्पिरिट भडकते. आणि पॉलिशचे स्पिरिट हे विष आहे. ते पिऊन माणसांचे डोळे गेले आहेत, जीव गेले आहेत. बाटलीवर चिठ्ठी लावा, आणि ती कुलपात ठेवा.

आम्ही जवसाचे तेल पसंत केले. ते चकाकत नाही, लाकूड दिसत राहते, आणि पुढे कधी दुसरा हात द्यायचा तर खरवडावे लागत नाही. तेल म्हणजे कोणतेही तेल नव्हे. शेंगदाण्याचे तेल लाकडावर वाळत नाही, चिकट राहते, आणि त्यावर धूळ बसते. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, पातळ सालीसारखे. घाण्याचे कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस घेते. दुकानातले उकळवलेले तेल साधारण एका दिवसात वाळते. पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ दिला. वीस मिनिटांनी अंगावर राहिलेले तेल पुसून काढले. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, मग एक दिवस सोडून तिसरा. जाड थर द्यायचा मोह आवरावा. जाड थर महिनाभर बोटाला चिकटतो.

आता आमची चूक.

पहिल्या हाताच्या दिवशी संध्याकाळी आम्ही तेलाची फडकी गोळा केली. दहा-बारा असतील. सगळी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबली आणि खोके जिन्याखाली गोणपाटांशेजारी ठेवले. उद्या उपयोगी पडतील म्हणून. जेवणे झाली. नऊच्या सुमारास मुलगी पाणी प्यायला उठली. तिला जळक्या तेलाचा वास आला. सगळे म्हणाले, शेजारी काही तळत असतील. ती ऐकेना. ती जिन्याखाली गेली आणि ओरडली. खोक्यातून धूर निघत होता. घरधन्यांनी ते पायाने ढकलत अंगणात नेले. बाहेरची हवा लागताच आतून जाळ उठला. दोन बादल्या पाणी ओतले, तेव्हा विझला. जिन्याखाली कुणी काडी ओढली नव्हती, विडी नव्हती, दिवा नव्हता. मग पेटले कसे?

ओला कडबा रचला की गंजीच्या पोटात हात घालून बघा, गरम लागतो. कधी अशी गंज आपोआप पेटते. उकिरड्यातून पहाटे वाफ निघते, तीही आतल्या उष्णतेची. फडक्यांचे कारण थोडे वेगळे, पण चाल तीच. जवसाचे तेल हवेशी मिळून वाळते, तेव्हा त्यातून उष्णता निघते. तुळईवर पातळ थर असतो, ती उष्णता हवेत उडून जाते. फडक्यांच्या गोळ्यात ती अडकते. अडकलेल्या उष्णतेने तेल अधिक जोराने वाळते, त्याने अधिक उष्णता होते. काही तासांत कापड पेट घेण्याइतके तापते. यासाठी ठिणगी लागत नाही.

तेलाचे फडके काम संपताच अंगणात, घरापासून लांब, दोरीवर एकेक सुटे पसरून वाळवा. कडक झाले की मग फेका. तेवढा वेळ नसेल, तर पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवा आणि झाकण लावा. गोळा करून कोपऱ्यात, गोठ्यात, कचऱ्यात टाकू नका. दुकानातून तेल किंवा तेलाचा स्टेन आणाल, त्या डब्यावर ही सूचना बहुधा बारीक अक्षरांत छापलेली असते. आमच्याही डब्यावर होती. आम्ही, जे इतरांना वाचायला शिकवतो, त्यांनी ती वाचली नव्हती.

सागाची घरे एकदा पेटली की थांबत नाहीत. पुण्याच्या शनिवारवाड्याला १८२८ साली आग लागली, ती सात दिवस धुमसत होती असे सांगतात. आतले लाकडी महाल गेले. दगडी जोती, तट आणि दरवाजे तेवढे उरले. त्याच पुण्यात विश्रामबागवाड्याचे सुरूच्या आकाराचे कोरीव सागवानी खांब दोनशे वर्षांनंतरही उभे आहेत. कधी गेलात तर जरूर बघा, आणि मान वर करून बघा.

आमची माडी तिसऱ्या हातानंतर आठ दिवस उघडी ठेवली, वास जाईपर्यंत. मग टेबल वर गेले. ते मधल्या तुळईखाली न ठेवता खिडकीशी ठेवले. मधली तुळई आता पक्की आहे, पण आजी ऐकायला तयार नव्हती. आम्हीही आग्रह धरला नाही. खिडकीशी उजेड चांगला येतो.

दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तुळया एकदा ठोकून बघायच्या, टोके बघायची, खाली पीठ सांडते का ते बघायचे. पन्हळ पावसाळ्याआधी बघायची. तेलाचा एक पातळ हात तीन-चार वर्षांनी पुरे. भेगांसाठी सुतारमामांनी एक युक्ती सांगितली. भेग जिथे संपते तिथे पेन्सिलीने बारीक रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. पुढच्या वर्षी भेग रेघेच्या पुढे गेली असेल, तर ती वाढते आहे, सुताराला बोलवायचे. घरधनी फळीवर चढले. जीभ दातांत धरून त्यांनी तिन्ही तुळयांवर रेघा मारल्या आणि प्रत्येकीशेजारी तारीख लिहिली. एके ठिकाणी महिना चुकला होता. मुलीने खालून सांगितला. त्यांनी खोडून नीट लिहिला.